काहील मोठी झाली, तर कडू किती? हॉप्सच्या मापाचा इतिहास

आजचा विषय बघून काही जणांच्या भुवया वर गेल्या असतील. कसबा बावड्यात, एका बाजूला पंचगंगा आणि दुसऱ्या बाजूला साखर कारखान्याची चिमणी असताना, बिअरमधल्या हॉप्सबद्दल बोलायचं काय कारण? कारण आहे. परदेशात शिकायला किंवा नोकरीला गेलेली आपल्याकडची बरीच पोरं तिथं घरी बिअर करतात. कायद्याने करतात, चोरून नाही. आणि त्यांचा एक प्रश्न असतो, जो वरवर गणिताचा दिसतो: वीस लिटरची कृती आहे, माल्टच्या अर्कापासून केलेली. आता मित्र वाढले, ऐंशी लिटर करायची आहे. मग हॉप्स चौपट घालायचे का?

उत्तर आहे, बहुतेक वेळा नाही. आणि ते का नाही, हे समजून घ्यायला गुऱ्हाळ माहीत असलेल्या गावाइतकी चांगली जागा नाही. म्हणून हा विषय इथं.

आधी हॉप्स म्हणजे काय ते सांगू. ही एक वेल आहे, भांगेच्या कुळातली. तिच्या मादी वेलीला शंकूसारखी हिरवी फुलं येतात, त्यांच्या पाकळ्यांच्या बुडाशी पिवळी भुकटी असते. त्या भुकटीत कडूपणा आणि वास दोन्ही असतात. वेलीला उन्हाळ्यात पंधरा-सोळा तासांचा दिवस लागतो. कोल्हापूर सतरा अक्षांशाच्या आत येतं, आपला सगळ्यात मोठा दिवस तेरा तासांच्या आसपास. म्हणून आपल्याकडं ती वेल नीट फुलत नाही. भारतात ती हिमाचलच्या लाहौलसारख्या उंच, थंड भागात लावली जाते. बाकी माल जर्मनी-अमेरिकेतून येतो.

बिअर करायची म्हणजे भिजवून, मोड आणून, वाळवलेल्या जवाचं, म्हणजे माल्टचं, गोड पाणी काढायचं. त्याला वॉर्ट म्हणतात. ते हॉप्सबरोबर तासभर उकळायचं, गार करायचं, मग यीस्ट घालून आंबवायचं. आता घरी करणारे बरेच जण माल्ट भरडून रस काढायच्या फंदात पडत नाहीत. ते बाजारातून माल्टचा आटवलेला अर्क आणतात. आपल्या काकवीसारखा दिसतो, जाड, तांबूस. डब्यातून काढायचा, पाण्यात विरघळवायचा, उकळायचं. आणि इथंच मेख आहे. घरातलं भांडं लहान असतं. वीस लिटर बिअर करायची असली तरी दहा लिटर पाण्यात सगळा अर्क घालून घट्ट रस उकळतात, आणि शेवटी वरून साधं पाणी ओतून वीस लिटर करतात.

म्हणजे कृतीच्या कागदावर लिहिलंय वीस लिटर, पण चुलीवर उकळतंय दहा लिटर. दुप्पट घट्ट.

आपल्या कारखान्यात काम केलेल्या माणसाला ब्रिक्स सांगायची गरज नाही. रसात शंभरात किती साखर विरघळली आहे, ते माप. उसाचा रस साधारण अठरा-वीस ब्रिक्सचा. साधी बिअर करायचा वॉर्ट साडेबाराच्या आसपास. बिअरवाले त्याला विशिष्ट गुरुत्वात १.०५० म्हणतात. तोच रस दहा लिटरमध्ये उकळला तर १.१००, म्हणजे जवळपास चोवीस ब्रिक्स. उसाच्या रसापेक्षाही गोड. अशा घट्ट रसात हॉप्सचा कडूपणा नीट उतरत नाही.

का उतरत नाही? हॉप्समधली अल्फा आम्लं पाण्यात फारशी विरघळत नाहीत. तासभर उकळल्यावर त्यांची अंतर्गत रचना बदलते, मग ती विरघळतात आणि कडू लागतात. पण घातलेल्यातला पाव हिस्साच जेमतेम बिअरपर्यंत पोचतो. बाकीचा भांड्याला, फेसाला, गाळाला, यीस्टला चिकटून जातो. घट्ट रसात हा पाव हिस्सासुद्धा घटतो. साखरेमुळं घटतो की घट्ट रसात प्रथिनांचा गाळ जास्त पडतो म्हणून, यावर जाणकारांत अजून मतभेद आहेत. घटतो एवढं मात्र खरं.

कडूपणाचं माप सोपं आहे: एका लिटरमध्ये ते बदललेलं आम्ल किती मिलिग्रॅम, तेवढे कटुता-एकक. हलक्या लागर बिअरला दहा-पंधरा, कडक इंडिया पेल एलला पन्नास-साठच्या पुढं. किती हिस्सा उतरेल याचा अंदाज करायला घरगुती बिअरवाल्यांनी १९९० च्या दशकात सूत्रं तयार केली. रेगर, गॅरेट्झ आणि ओरेगॉनमधला ग्लेन टिनसेथ, ही तीन नावं त्यात येतात. तिन्ही सूत्रं एकाच कृतीला वेगवेगळे आकडे देतात, हेही ध्यानात ठेवा. आम्ही टिनसेथचं घेतो, कारण घरगुती मंडळींत तेच जास्त चालतं.

आता हिशोब करू. सहा टक्के अल्फाचे ३० ग्रॅम हॉप्स. म्हणजे १८०० मिलिग्रॅम आम्ल. दहा लिटरच्या घट्ट रसात, १.१०० ला, साठ मिनिटं उकळले तर सूत्राप्रमाणं १५ टक्क्यांच्या जरा आत उतरतं. मग पाणी घालून वीस लिटर. कडूपणा आला १३. हीच कृती मोठ्या भांड्यात, वीसच्या वीस लिटर एकदम उकळली तर १.०५० ला २३ टक्के उतरतं. कडूपणा आला २१. हॉप्स तेवढेच, बिअर तेवढीच, पण तोंडात फरक कळतो.

मग ऐंशी लिटरचं काय? मोठ्या भांड्याची सोय झाली म्हणून पोरगा सगळा रस एकदम उकळतो आणि हॉप्स चौपट, १२० ग्रॅम घालतो. बिअर आली २१ ची, त्याला हवी होती १३ ची. त्याला खरं तर ७७ ग्रॅमच पुरले असते. उलट बाजूनं बघा: मूळ कृती पूर्ण रस उकळायची होती आणि ऐंशी लिटर करायला भांडं मात्र चाळीस लिटरचंच आहे. आता रस दुप्पट घट्ट होणार. तेव्हा १२० ग्रॅम पुरणार नाहीत, १८८ च्या आसपास लागतील. आणि एक मर्यादा अशी की, उकळत्या रसात साधारण शंभर एककांच्या वर कडूपणा मावतच नाही. दहा लिटरमध्ये शंभर गाठले आणि पाणी घालून वीस लिटर केले, तर पन्नासच्या वर जाणं नाही, मग तुम्ही पोतंभर हॉप्स ओता.

यावर एक सोपी युक्ती आहे, आणि ती आम्हाला फार आवडते. निम्मा अर्क सुरुवातीला घालायचा, निम्मा शेवटच्या दहा मिनिटांत. तेव्हा दहा लिटरमध्येसुद्धा रस उकळताना १.०५० चाच राहतो आणि कडूपणा पूर्ण रस उकळल्यासारखा येतो. अर्क आधीच कारखान्यात आटवलेला असतो, त्याला पुन्हा तासभर उकळायची फारशी गरज नसते. रसाचा रंगही काळपट होत नाही.

हे गणित नवं आहे. प्रश्न मात्र जुना आहे, आणि त्यासाठी थोडं मागं जायला हवं.

युरोपात हॉप्सच्या आधी बिअरमध्ये वेगवेगळ्या पाल्यांचं मिश्रण घालत. बाराव्या शतकात जर्मनीतल्या हिल्डेगार्ड फॉन बिंगेन या संन्यासिनीनं लिहून ठेवलं की हॉप्सच्या कडूपणामुळं पेय टिकतं. कडू म्हणजे टिकाऊ, हे तिथून पुढं सगळ्यांना माहीत झालं. १५१६ साली बव्हेरियात बिअरमध्ये जव, पाणी आणि हॉप्स एवढंच चालेल असा हुकूम निघाला. इंग्लंडमध्ये १७११ साली हॉप्सवर कर बसला, आणि त्याच्या जोडीनं बिअरमध्ये हॉप्सऐवजी दुसरं काही कडू घालायला बंदी आली. कर बुडू नये म्हणून. तो कर १८६२ ला उठला. दीडशे वर्षं हॉप्सचा पाउंड हा सरकारी हिशोबातला पाउंड होता.

मापाचा प्रश्न पेटला तो लंडनमध्ये. अठराव्या शतकात तिथं पोर्टर नावाची काळी बिअर मोठ्या प्रमाणावर होऊ लागली. व्हिटब्रेडच्या कारखान्यानं १७९६ साली वर्षाला दोन लाख पिंपांचा आकडा ओलांडला. एवढी बिअर ठेवायला लाकडी टाक्या घरांएवढ्या उंच झाल्या. १७ ऑक्टोबर १८१४ ला म्यू कंपनीच्या हॉर्स शू कारखान्यातली अशी एक टाकी फुटली, शेजारच्या गरीब वस्तीत बिअरचा लोंढा घुसला आणि आठ जण मेले. आकार वाढवला की सगळं त्याच प्रमाणात वाढत नाही, हे गॅलिलिओनं १६३८ च्या आपल्या ग्रंथात हाडांचं उदाहरण देऊन मांडलं होतं. लंडनमध्ये ते लाकूड आणि लोखंडी पट्ट्यांनी सिद्ध केलं.

या मोठ्या कारखान्यांच्या मालकांना अचूक माप हवं होतं, कारण माल्ट महाग होतं आणि अंदाजानं चालेना. हल शहरातल्या जॉन रिचर्डसननं १७८४ साली सॅकरोमीटर वापरून वॉर्टचा गोडवा मोजायची पद्धत छापली. त्याच्याही आधी जेम्स बॅव्हरस्टॉक नावाच्या बिअरवाल्यानं हायड्रोमीटर वापरायला सुरुवात केली होती. म्हणजे गोडाचं माप आलं. पण कडूचं? त्यासाठी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत वाट पाहावी लागली. तोवर हॉप्स हाताच्या तळव्यावर चोळून, वास घेऊन, पिंपाला किती पाउंड या अनुभवानंच घालत. दर सुगीचे हॉप्स वेगळे, एका वर्षी कडक, दुसऱ्या वर्षी मिळमिळीत. बिअरवाला तेही नाकानंच ठरवायचा.

हिंदुस्थानचा संबंध येतो तो इथं. लंडनच्या बो भागात हॉजसनची भट्टी होती, ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांच्या गोदीजवळ. जहाजांच्या कप्तानांना तो लांब उधारीवर माल द्यायचा. ते पिंपं भरून मुंबई, मद्रास, कलकत्त्याला आणून विकायचे. केप ऑफ गुड होप वळसा घालून चार-सहा महिन्यांचा प्रवास, दोनदा विषुववृत्त ओलांडायचं. हलकी, फिकी, भरपूर हॉप्सची बिअर हा प्रवास सोसायची. इंडिया पेल एल हॉजसननं खास हिंदुस्थानसाठी शोधून काढली, अशी गोष्ट सगळीकडं सांगतात. मार्टिन कॉर्नेल या बिअरच्या इतिहासकारानं ती खोडून काढली आहे: भरपूर हॉप्सची अशी बिअर इंग्लंडमध्ये आधीपासूनच होती, आणि इकडं पोर्टरही ढिगानं येत होती. गोरे शिपाई तीच प्यायचे. पेल एल साहेबांची. १८२० च्या दशकात बर्टन गावच्या ऑलसॉपनं हॉजसनला मागं टाकलं. बर्टनच्या पाण्यात जिप्सम जास्त, त्यात हॉप्सचा कडूपणा स्वच्छ लागतो.

इथं आमचं मत सांगून ठेवतो. हॉजसनच्या गोष्टीचं आकर्षण असं आहे की ती एका माणसाच्या डोक्यातून निघालेली कल्पना वाटते. प्रत्यक्षात समुद्राच्या लांबीनं, उधारीनं, गोदीच्या जवळिकीनं आणि पाण्यानं ती बिअर घडवली. पिंपात जादा मूठभर हॉप्स टाकायचे, ते प्रवासात मुरतात, हा अनुभव त्यात होता.

पुढं हिमालयात भट्ट्या निघाल्या. एडवर्ड डायरनं कसौलीला भट्टी काढली, मग मरी, सोलन. ही कंपनी १९४९ साली नरेंद्रनाथ मोहन यांच्याकडं आली आणि पुढं मोहन मीकिन झाली. दक्षिणेत १९१५ साली थॉमस लीशमननं लहान भट्ट्या एकत्र करून युनायटेड ब्रुअरीज उभी केली, १९४७ ला विठ्ठल मल्ल्या तिचे संचालक झाले. मोठे कारखाने, मोठी भांडी. तिथं रसायनशाळा असते, हॉप्सच्या प्रत्येक खेपेची अल्फा मोजून घेतात. त्यांना आजचा आपला प्रश्न पडत नाही.

महाराष्ट्रात मात्र घरी बिअर करायला परवानगी नाही. मुंबई दारूबंदी अधिनियम १९४९ चा आहे. आता त्याला महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम म्हणतात. त्याखाली परवान्याशिवाय दारू गाळणंच नाही, तर कुठलंही मादक पेय तयार करणंही गुन्हा आहे. १९५१ साली बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं या कायद्याचा मोठा भाग कायम ठेवला, फक्त औषधं आणि प्रसाधनांमधल्या अल्कोहोलवरची बंदी वगैरे काही कलमं रद्द केली. त्याच कायद्याच्या नजरेखाली आपल्या कारखान्यातली मळीही आहे. टाकीतून मळी हलवायची तरी परवाना लागतो. (गुऱ्हाळात मळी म्हणजे काढून टाकलेला फेस, कारखान्यात मळी म्हणजे मोलॅसिस. एकाच गावात एक शब्द दोन वेगळ्या वस्तूंना.) तेव्हा इथल्या कुणी आज ऐकून घरी करून बघू नये. कायदेशीर छोट्या भट्ट्या परवाना घेऊन चालतात. पुण्यात २००९ साली डूलाली सुरू झाली. नाव आपल्या नाशिकजवळच्या देवळालीवरूनच आलं. घरी जायला बोटीची वाट बघत देवळालीच्या छावणीत ताटकळून डोकं फिरलेल्या गोऱ्या शिपायांना इंग्रजीत तो शब्द चिकटला.

ब्रिटनमध्ये घरगुती बिअरचा परवाना १९६३ साली रद्द झाला. अमेरिकेत १९७८ साली जिमी कार्टर यांनी सही केली आणि एका घरात दोन प्रौढ असतील तर वर्षाला दोनशे गॅलन, म्हणजे साडेसातशे लिटरच्या आसपास, करायची मुभा मिळाली. एकटा असेल तर निम्मी. अर्काची सवय मात्र त्याच्या आधीची आहे. १९२० ते १९३३ अमेरिकेत दारूबंदी होती तेव्हा बिअरच्या कंपन्या हॉप्स घातलेला माल्टचा अर्क डब्यात विकायच्या, म्हणे पाव-बिस्किटं भाजायला. कडू पाव कोण खातो? सगळ्यांना माहीत होतं, कुणी विचारत नव्हतं.

आता गुऱ्हाळाकडं येऊ. इथं बसलेल्या मोठ्या माणसांनी गुळव्या बघितला असेल. उसाचा रस काहिलीत पडला, चुलवाणात चिपाडाचा जाळ लागला, की गुळव्या भेंडीच्या ठेचलेल्या खोडाचा चिकट रस घालतो. त्या चिकटपणाला रसातला गाळ धरतो आणि फेसाबरोबर वर येतो, तो झाऱ्यानं काढायचा. थोडा चुना. किती भेंडी, किती चुना? कागदावर लिटरमागं आकडा सांगता येईल, पण गुळव्या तसं करत नाही. ऊस खारवट जमिनीतला आहे का, तुरा आलाय का, महापुरात बुडालेला आहे का हे तो बघतो. २०१९ आणि २०२१ ला पंचगंगेनं पात्र सोडलं तेव्हा पाण्याखाली गेलेल्या उसाचा रस कसा झाला होता, हे राजाराम बंधाऱ्याच्या आसपास शेती असलेल्यांना सांगायला नको. अशा रसाला नेहमीचं माप चालत नाही. हॉप्सचंही तेच: पाकिटावरचा अल्फाचा आकडा त्या वर्षीच्या मालाचा असतो, आणि गरम गोदामात पडून राहिला तर तोही घसरतो.

आता काहिलीचा आकार बघा. ती उथळ आणि रुंद का? कारण गुळव्याला पाणी उडवायचं असतं, आणि पाणी वरच्या पृष्ठभागातून उडतं. भांड्याची लांबी, रुंदी, उंची सगळी दुप्पट केली तर आत रस आठपट मावतो, पण वरची बाजू चौपटच होते. म्हणजे तुलनेनं वाफ कमी उडते. काहील मोठी करायची तर पसरट करावी लागते, खोल करून भागत नाही. साखर कारखान्यानं ही अडचण वेगळ्याच वाटेनं सोडवली: १८१३ च्या आसपास हॉवर्ड या इंग्रजानं निर्वात पॅन आणला, ज्यात रस कमी उष्णतेवर उकळतो, आणि १८४३ साली न्यू ऑर्लिन्सच्या नॉर्बर्ट रिलियनं एका भांड्याची वाफ दुसऱ्याला देत जाणारी बाष्पनाची पद्धत पेटंट केली. स्वतंत्र कृष्णवर्णीय, पॅरिसला शिकलेला. आज बावड्याच्या कारखान्यात जी बाष्पनाची भांडी उभी आहेत, त्यांचं मूळ त्याच्या कामात आहे. त्याचं नाव आपल्या साखरपट्ट्यात एखाद्या चौकाला असायला हरकत नाही.

बिअरवाल्या पोराला याचा उपयोग काय? त्याच्या लहान भांड्यातून तासाला चार लिटर पाणी उडत असेल, म्हणजे वीसात पाचवा हिस्सा. ऐंशी लिटरच्या भांड्यातून सोळा उडतील असं धरून त्यानं सुरुवातीला जास्त पाणी घातलं, तर उडणार आठ-दहाच, बाकीचं आत राहणार. बिअर पातळ, आणि कडूपणाही पसरून कमी. म्हणून कृती मोठी करायच्या आधी नवीन भांड्यात नुसतं पाणी तासभर उकळून बघायचं, किती उडतं ते काठीवर खूण करून मोजायचं. रसाला पाणी जरा वेगळं वागतं, पण अंदाज येतो.

याच्या बरोबर उलटी गोष्ट गार होण्याची. लहान भांडं नळाच्या पाण्यात ठेवलं तर अर्ध्या तासात गार होतं. ऐंशी लिटर रस तासभर गरम राहतो. आणि हॉप्सचा कडूपणा उकळी बंद झाली म्हणून थांबत नाही. ऐंशी अंशांच्या वर तो सावकाश उतरतच राहतो. वासासाठी अगदी शेवटी टाकलेले हॉप्स, जे लहान भांड्यात कडूपणा जवळजवळ देत नव्हते, ते मोठ्या भांड्यात चांगले पाच-दहा एकक देऊन जातात. शिवाय त्यांचा वास त्या वाफेत उडून जातो. तेव्हा शेवटचे हॉप्स एक तर रस ऐंशीच्या खाली आल्यावर टाकायचे, किंवा साठ मिनिटांच्या हॉप्समधून तेवढे कमी करायचे. गुळव्या याच्याशी अनोळखी नाही. पाक तयार झाला की तो चुलीवरून खाली घेतल्यावरही आत शिजत राहतो, म्हणून पुढच्या पायरीची वेळ साधण्यासाठी तो क्षणभर आधी उतरवतो. साधारण ११८ अंशांवर. एक-दोन अंश इकडंतिकडं झाले तर ढेप पाघळते किंवा जळकी होते.

गुऱ्हाळातल्या मापाचं काय झालं, तेही सांगायला हवं. १८९१ साली मिरज-कोल्हापूर रेल्वे आली, १८९५ साली शाहू महाराजांनी शाहूपुरी पेठ वसवली, आणि कोल्हापुरी गूळ दूरदूर जाऊ लागला. आज त्याला भौगोलिक मानांकन आहे. पण लांबच्या बाजाराला पिवळाधमक गूळ हवा. भेंडीनं तो तांबूस होतो. मग काहींनी काहिलीत हायड्रॉस पावडर टाकायला सुरुवात केली, गूळ झटकन पिवळा होतो. भेंडीच्या मापाला अनुभव लागायचा, पावडरला चमचा पुरतो, आणि मोठ्या आदणाला मोठा चमचा. त्या गंधकाच्या अंशावर सरकारी मर्यादा आहे, तरी चमचाच मोठा होत जातो. आमचं म्हणणं असं की इथं कृती मोठी झाली नाही, तर कृतीतला माणूस कमी झाला. काही गुऱ्हाळं आता पुन्हा भेंडीकडं वळली आहेत, बिनरसायनी गूळ म्हणून विकतात, थोडा काळसर असला तरी. ते चांगलं आहे.

शेवटी एक प्रश्न, जो गुळाच्या गावात हमखास येतो. बिअरमध्ये गूळ घातला तर? परदेशातली आपली पोरं घालतात, वासाला चांगला लागतो. पण लक्षात घ्या, गूळ म्हणजे साखरच, तो रस घट्ट करतो. ऐंशी लिटरच्या भांड्यात दोन किलो गूळ सुरुवातीलाच घातला तर रसाचं गुरुत्व साधारण दहा अंकांनी वाढेल, म्हणजे १.०५० चं १.०६० होईल, आणि हॉप्स थोडे कमी उतरतील. सूत्राप्रमाणं दहा टक्क्यांच्या जरा आत घट. तोच गूळ शेवटच्या दहा मिनिटांत घातला तर हॉप्सच्या हिशोबाला धक्का लागत नाही, गुळाचा वासही टिकतो. आणि गूळ बहुतेक सगळा आंबून जातो, त्यामुळं बिअर गोड होत नाही, कोरडी आणि जरा कडक होते. तेवढ्या गुळासाठी अर्क थोडा कमी करावा. भेंडीच्या गुळाला पावडरच्या गुळापेक्षा वास जास्त असतो, तेव्हा कुणी तिकडं पाठवणार असेल तर काळसर ढेप पाठवा.